कारखान्याचा रंग : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन
(अभिजात स्पोर्ट्स कारच्या दुर्मीळ व बदलत्या रंगांच्या संदर्भात)

प्रस्तावना

मोटारगाडीच्या इतिहासाचे लेखन आजवर प्रामुख्याने इंजिन, वेग, निर्मितीसंख्या आणि शर्यतींतील यश यांच्या आधारे होत आले आहे. रंग हा त्यात गौण विषय ठरला. गाडी कोणत्या रंगाची असावी ही मालकाच्या आवडीनिवडीची बाब आहे, असा सर्वसाधारण समज त्यामागे दिसतो. जुन्या गाड्यांच्या बाजारपेठेतील अनुभव मात्र वेगळा आहे. एकाच वर्षी, एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन सारख्या स्पोर्ट्स कारपैकी एकीचा मूळ रंग दुर्मीळ असेल, तर तिचे मोल दुसरीपेक्षा कितीतरी अधिक ठरते. ही दुर्मिळता कशी निर्माण होते आणि तिच्यातून इतिहासाच्या अभ्यासकाला काय हाती लागते, हे प्रश्न म्हणूनच विचारार्ह आहेत.

'कारखान्याचा रंग' म्हणजे गाडी तयार होत असताना निर्मात्याने आपल्या मान्य रंगसूचीतून तिला दिलेला रंग. हा रंग वरवर पाहता सजावटीचा भाग असला, तरी त्या काळचे रसायनशास्त्र, आयात-निर्यात धोरण, कायदा आणि बाजारपेठ यांच्या परस्परसंबंधांतून तो ठरत असतो. या अर्थाने तो इतिहासाचे साधन आहे. नाणे वा ताम्रपट यांच्याप्रमाणे या साधनाचीही चिकित्सा करावी लागते आणि ते निष्काळजीपणे नष्टही होऊ शकते. प्रस्तुत लेखात या साधनाचा परिचय, महाराष्ट्राशी असलेला त्याचा संबंध आणि त्याच्या जतनापुढील अडचणी यांचा विचार करण्यात आला आहे.

मालकाचा रंग : संस्थानी काळ

कारखान्याच्या रंगाचे स्वरूप समजण्यासाठी त्यापूर्वीची पद्धत पाहणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उंची मोटारींचे कारखाने अनेकदा केवळ सांगाडा व इंजिन विकत असत. त्यावरील बांधणी स्वतंत्र कारागीर संस्थेकडून करून घेतली जाई आणि रंगाचा निर्णय सर्वस्वी ग्राहकाचा असे. मराठी राजघराण्यांतील याचे ठळक उदाहरण म्हणजे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांची १९३६ ची ड्यूसेनबर्ग. अमेरिकेत तयार झालेल्या या गाडीची बांधणी लंडनच्या जे. गर्नी नटिंग या संस्थेने केली. तिला नारिंगी आणि काळा असे दोन रंग देण्यात आले. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग राजवाडा उभारून घेणाऱ्या महाराजांची आधुनिक अभिरुची या गाडीतही प्रकट झाली आहे.

या गाडीचा रंग असामान्य असला तरी त्याला 'दुर्मीळ कारखानी रंग' म्हणता येत नाही. त्यातून मालकाची अभिरुची व ऐपत समजते, परंतु कारखान्याच्या धोरणाविषयी काहीच कळत नाही. ज्या रंगसूचीच्या तुलनेत एखादा रंग विरळ ठरावा, अशी सूचीच तेथे नव्हती. दुर्मिळतेची कल्पना सूची अस्तित्वात आल्यावर जन्मली आणि सूची ही मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची निर्मिती होय.

कारखान्याचा रंग : उत्पादनपद्धतीतील क्रांती

फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही गाडी १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळत असे. तत्पूर्वी हीच गाडी लाल, हिरव्या, करड्या रंगांतही विकली गेली होती. म्हणजे पर्याय वाढत जातात हा समज येथे लागू पडत नाही. उत्पादनाचा वेग वाढताच पर्याय संपुष्टात आले. तेलाधारित रंगांचे अनेक थर देऊन प्रत्येक थर वाळण्याची वाट पाहणे चालत्या जोडणीपट्ट्याला परवडणारे नव्हते. काळे रोगण स्वस्त, टिकाऊ आणि भट्टीत भाजण्यास सोयीचे होते.

ही कोंडी नायट्रोसेल्युलोजवर आधारलेल्या 'ड्यूको' या लॅकरने फोडली. ड्युपाँ कंपनीने जनरल मोटर्सच्या सहकार्याने १९२३ च्या सुमारास ते मोटारींसाठी उपलब्ध केले आणि १९२४ च्या ओकलंड गाडीवरील निळ्या रंगाने त्याची ओळख जगाला झाली. आठवड्यांचे काम तासांवर आले. रंग फवाऱ्याने देता येऊ लागला आणि दरवर्षी नवी रंगसूची काढणे हे विक्रीचे साधन बनले. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जोडणीचा कारखाना सुरू केला, तेव्हा हे नवे व्यापारतंत्र भारतीय ग्राहकाच्याही दाराशी आले. परंतु १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव उरला नाही. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. पुढील सुमारे तीन दशके भारतीय ग्राहकाची निवड मोजक्या देशी कारखान्यांच्या सूचीपुरती मर्यादित राहिली.

स्पोर्ट्स कार आणि रंगाची दुर्मिळता

स्पोर्ट्स कारच्या रंगांना आणखी एक परंपरा लाभली आहे, ती राष्ट्रीय शर्यतरंगांची. १९०३ ची गॉर्डन बेनेट स्पर्धा आयर्लंडमध्ये झाली. त्या स्पर्धेत ब्रिटिश गाड्यांनी धारण केलेल्या हिरव्या रंगातून 'ब्रिटिश रेसिंग ग्रीन'ची परंपरा सुरू झाली. पुढे इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा आणि जर्मनीचा पांढरा व नंतर रुपेरी असे संकेत रूढ झाले. रुपेरी रंगाविषयी एक कथा प्रसिद्ध आहे. १९३४ च्या आयफेल शर्यतीपूर्वी मर्सिडीजच्या गाड्यांचे वजन मर्यादेपेक्षा किलोभर अधिक भरले, म्हणून रात्रीतून पांढरा रंग खरवडला गेला आणि खालचा धातू उघडा पडला, असे संघव्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांनी अनेक वर्षांनी लिहिले. या कथेच्या सत्यतेबद्दल अभ्यासकांनी गंभीर शंका उपस्थित केल्या आहेत. रंगाविषयीच्या आठवणी किती सहजपणे दंतकथेचे रूप घेतात आणि समकालीन पुराव्याशी त्या ताडून पाहणे किती आवश्यक आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

रस्त्यावरील स्पोर्ट्स कारच्या बाबतीत दुर्मिळतेची चार कारणे संभवतात.

पहिले कारण उत्पादनाचे. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या १९५३ च्या सर्व ३०० गाड्या पांढऱ्या होत्या. नव्या फायबर-काचेच्या बांधणीत अडचणी पुष्कळ असताना रंगाची भर नको, हा व्यवहारी विचार त्यामागे असावा. पुढील वर्षी निळा, लाल व काळा हे रंग आले. त्यामुळे १९५३ ची कॉर्व्हेट म्हणून लाल रंगाची गाडी समोर आली, तर ती पुन्हा रंगवलेली आहे हे कोणत्याही कागदपत्राविना सांगता येते.

दुसरे कारण रसायनाचे. मार्च १९६१ मध्ये जिनेव्हा येथे जॅग्वार ई-टाइप प्रथम सादर झाली, तेव्हा तिच्या दोन गाड्यांपैकी एक हिरवी, तर दुसरी 'ओपलेसेंट' करडी होती. लॅकरमध्ये ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण मिसळून ही झळाळी साधली जाई. असे धातुमिश्रित रंग दिसण्यास मोहक असले तरी एकसारखे फवारणे आणि अपघातानंतर त्यांची डागडुजी करणे कठीण असे.

तिसरे कारण खास मागणीचे. सूचीबाहेरचा रंग अधिक पैसे घेऊन देण्याची प्रथा काही कारखान्यांत होती व आहे.

चौथे कारण सर्वांत महत्त्वाचे असून त्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेले आहे. ते म्हणजे उत्तरकाळातील बदल. तपकिरी, बदामी, मोरचूदी असे सत्तरच्या दशकातील रंग पुढे बाजारात नकोसे झाले आणि त्या गाड्या लाल, काळ्या किंवा रुपेरी रंगवल्या गेल्या. निर्मितीच्या वेळी मुबलक असलेला रंग अशा रीतीने आज विरळ झाला आहे, तर त्या काळी मोजक्याच गाड्यांना मिळालेला लाल रंग आज सर्वत्र दिसतो. म्हणून आजच्या संमेलनांत दिसणाऱ्या गाड्यांवरून त्या काळच्या रस्त्याचे चित्र रंगवणे ही पद्धतशीर चूक ठरते. उरलेल्या पुराव्याचे स्वरूप नंतरच्या पिढ्यांच्या आवडीने घडवलेले असते, हा इतिहासशास्त्रातील परिचित धडा येथेही लागू पडतो.

रंगद्रव्ये आणि महाराष्ट्र

मोटारीचा रंग हा अखेर रंगद्रव्याचा प्रश्न आहे. १९३५ मध्ये आयसीआयने बाजारात आणलेले थॅलोसायनिन निळे, १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्युपाँने आणलेले क्विनाक्रिडोन वर्गातील लाल व जांभळे, तसेच १९८० च्या दशकात सीबा-गायगीने आणलेले डीपीपी वर्गातील लाल या तीन टप्प्यांनी मोटारींच्या रंगसूचीचा कायापालट केला. यांतील शेवटच्या द्रव्याला व्यवहारात 'फेरारी रेड' असे टोपणनावही मिळाले. उन्हात न विटणारा लाल रंग ही तोवर रसायनतज्ज्ञांपुढील मोठी समस्या होती. आज स्वाभाविक वाटणारी लाल स्पोर्ट्स कार टिकाऊपणाच्या दृष्टीने बऱ्याच अंशी या संशोधनाची देणगी आहे.

या इतिहासातील महाराष्ट्राचे स्थान दुय्यम नाही. मुंबईत लोअर परळ येथे १९२० मध्ये गहागन पेंट्स अँड व्हार्निश ही कंपनी स्थापन झाली. तीच पुढे १९५७ मध्ये गुडलास नेरोलॅक आणि २००६ मध्ये कन्साई नेरोलॅक झाली. मोटारउद्योगाला लागणाऱ्या रंगांच्या क्षेत्रात तिने अग्रस्थान मिळवले. पुण्यात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या सुदर्शन केमिकलने रोहा येथे रंगद्रव्यांचे उत्पादन वाढवले. हेक्स्ट आणि बायर या जर्मन कंपन्यांच्या सहभागाने १९५६ मध्ये उभी राहिलेली कलर-केम ठाणे व रोहा येथे कार्यरत होती. हेक्स्टचा रंगद्रव्य व्यवसाय पुढे क्लॅरियंटकडे, तेथून २०२२ मध्ये हॉयबाख समूहाकडे गेला. मार्च २०२५ मध्ये सुदर्शन केमिकलने हॉयबाखचे अधिग्रहण पूर्ण केले. ज्या जर्मन रसायनउद्योगाने युरोपीय गाड्यांच्या रंगसूची घडवल्या, त्याच्या एका प्रमुख शाखेचा वारसा अशा प्रकारे पुण्यातील कंपनीकडे आला आहे.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर अंबरनाथ व बदलापूर येथे रासायनिक कारखान्यांची वाढ झाली. सोनिवली-बदलापूरपासून अंबरनाथ-उल्हासनगरपर्यंतच्या पट्ट्यातील असंख्य कुटुंबांची उपजीविका रसायन व रंग उद्योगांशी निगडित राहिली आहे. वालधुनी व उल्हास या नद्यांनी या वाढीची किंमतही मोजली. नद्यांच्या प्रदूषणाबद्दल 'वनशक्ती' संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितल्यानंतर हा प्रश्न न्यायिक पातळीवर गेला. रंगाच्या इतिहासात या बाजूचीही नोंद आवश्यक आहे, कारण पुढे पाहिल्याप्रमाणे रंग दुर्मीळ होण्यामागे पर्यावरणविषयक निर्बंधांचाही वाटा आहे.

मर्यादित पर्यायांचा काळ

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० आणि तिचीच पुढील आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी दीर्घकाळ तयार झाली. ही स्पोर्ट्स कार नव्हे. परंतु मुंबईच्या परिसरात कारखान्याच्या रंगाचा सर्वाधिक व्यापक अनुभव याच गाडीने दिला, म्हणून तिचा येथे विचार प्रस्तुत ठरतो. गाडीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षा करणाऱ्या ग्राहकाला जो रंग मिळेल तो स्वीकारण्यावाचून गत्यंतर नसे. ग्राहकाची पसंती आणि गाडीचा रंग यांचा संबंध या काळात जवळपास तुटलेला होता. त्यामुळे त्या काळातील भारतीय गाडीच्या रंगावरून मालकाच्या अभिरुचीचे अनुमान काढणे अयोग्य ठरते. त्यावरून पुरवठ्याचे अनुमान मात्र काढता येते.

टॅक्सीच्या बाबतीत तर रंग हा शासनाने ठरवलेला विषय होता. काळ्या-पिवळ्या रंगाशी पद्मिनी इतकी एकरूप झाली की खासगी पद्मिनीचे फिकट निळे, हिरवट, मळकट पांढरे रंग सामूहिक स्मृतीतून जवळजवळ पुसले गेले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली. तिच्या निरोपाची दखल देशभरातील वृत्तपत्रांनी घेतली. खासगी गाड्यांचे रंग मात्र कोणत्याही समारंभाशिवाय नाहीसे होत गेले.

कायद्यानेही रंगाला वेगळ्या अर्थाने महत्त्व दिले आहे. नोंदणीपत्रात गाडीच्या रंगाची नोंद असते आणि रंग बदलल्यास ती नोंदही बदलून घ्यावी लागते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण विभागाच्या वाहनांसाठी राखीव आहे. या तरतुदींचा हेतू ओळख व सुरक्षा हा आहे. तरीही त्यांमुळे जुनी आरसी पुस्तके ही अभ्यासकासाठी मोलाची साधने बनली आहेत. कारखान्याचे दप्तर हाती नसताना गाडीच्या मूळ रंगाचा लेखी पुरावा बहुधा तेथेच सापडतो.

पुनरुज्जीवनाचा पेच

जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा उभी करताना रंगाविषयी तीन अडचणी उद्भवतात.

पहिली अडचण मूळ रंग निश्चित करण्याची. काही जर्मन गाड्यांच्या दाराच्या खांबावर रंगाच्या सांकेतिक क्रमांकाची पट्टी असे. ब्रिटनमध्ये जॅग्वारच्या वारसा संस्थेकडून तसेच गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडून निर्मितीनोंदीवर आधारित प्रमाणपत्रे दिली जातात आणि त्यांत मूळ रंगाचा उल्लेख असतो. कागद उपलब्ध नसेल तर गाडीचेच शरीर वाचावे लागते. डॅशबोर्डच्या मागची बाजू, गालिच्याखालचा पत्रा, डिकीच्या अस्तराआडचा भाग येथे मूळ थर टिकून राहण्याची शक्यता असते. थर क्रमाक्रमाने घासत गेल्यास अस्तराचा थर, मूळ रंग, नंतरची लांबी व पुढील रंग असा कालक्रम उलगडतो. पुरातत्त्वीय उत्खननातील स्तरांशी याचे साम्य उघड आहे.

दुसरी अडचण तोच रंग पुन्हा निर्माण करण्याची. साठ-सत्तरच्या दशकांतील तेजस्वी पिवळ्या व नारिंगी रंगांत शिशाच्या क्रोमेटचा वापर सर्रास होत असे. युरोपीय संघाच्या २००० च्या निर्देशानुसार जुलै २००३ नंतर नव्या वाहनांतील शिसे व हेक्साव्हॅलंट क्रोमियमवर बंधने आली आणि मे २०१५ नंतर शिशाच्या क्रोमेटवर आधारित रंगद्रव्यांचा वापर तेथे विशेष परवानगीच्या कक्षेत गेला. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती व सजावटी रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित केले. शिशाचे विषारी परिणाम पाहता ही बंधने सर्वथा योग्य आहेत. परंतु परिणामी जुना रंग आता वेगळ्या द्रव्यांनी जुळवावा लागतो. असे दोन रंग दुपारच्या उन्हात एकसारखे दिसले, तरी ट्यूबलाइटखाली भिन्न दिसू शकतात, कारण त्यांची प्रकाश परावर्तित करण्याची रीत वेगळी असते. हुबेहूब जुळवलेला रंगही अशा प्रकारे एक अनुवादच असतो.

तिसरी अडचण वृत्तीची आहे. पुनरुज्जीवनासाठी खर्च करणाऱ्या मालकाला बाजारात भाव मिळवून देणारा रंग हवा असतो. मूळ बदामी गाडी लाल झाली की तिच्यासोबत एका काळाचा पुरावा नष्ट होतो. जुलै २०२१ मध्ये भारत सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. गाडी मूळ स्वरूपात असावी आणि सांगाडा, बांधणी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट त्यात आहे. या वारसादृष्टीचे स्वागत करावयास हवे. तथापि मूळ रंगाचा या व्याख्येत स्वतंत्र उल्लेख नाही. सांगाडा व इंजिन अस्सल असलेली गाडी सर्वस्वी परक्या रंगात 'मूळ स्वरूपातील' ठरू शकते. प्रत्येक मालकावर मूळ रंगाची सक्ती करणे व्यवहार्य नाही. परंतु नोंदणीच्या वेळी पहिल्या आरसी पुस्तकातील रंग आणि सध्याचा रंग या दोन्हींची नोंद करण्यास विशेष खर्च येणार नाही. रंग बदलला तरी पुरावा त्यामुळे शिल्लक राहील.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. दुर्मीळ कारखानी रंग हा केवळ अभिरुचीचा परिणाम नसून उत्पादनपद्धती, रसायनशास्त्र, शासकीय धोरण आणि नंतरच्या काळातील पुनर्रंगकाम यांचा संयुक्त परिणाम आहे. निर्मितीच्या वेळची दुर्मिळता आणि आजची दुर्मिळता या भिन्न गोष्टी असून त्यांची गल्लत केल्यास भूतकाळाचे चित्र विपर्यस्त होते. संस्थानी काळातील रंग मालकाविषयी, परवाना काळातील रंग पुरवठ्याविषयी आणि आजचा रंग बाजारपेठेविषयी साक्ष देतो. ही साक्ष घेताना ती कोणत्या काळाची आहे हे प्रथम निश्चित करणे अगत्याचे आहे.

या साधनाच्या जतनात महाविद्यालयांना प्रत्यक्ष कार्य करता येण्याजोगे आहे. अंबरनाथ-बदलापूर परिसरात रंगद्रव्यनिर्मितीचा अनुभव असलेले निवृत्त तंत्रज्ञ आहेत, तसेच फवाऱ्याने लॅकर मारण्याचे कौशल्य अवगत असलेले जुने पेंटरही आहेत. इतिहास विभागाने त्यांच्या मुलाखती व घरोघरी पडून असलेल्या आरसी पुस्तकांच्या नोंदी संकलित कराव्यात. रसायनशास्त्र विभागाने मोडीत निघणाऱ्या गाड्यांच्या रंगथरांचे नमुने तपासावेत. वाणिज्य विभागाने जुन्या रंगसूची व जाहिरातींचा अभ्यास करावा. मोडीत गेलेल्या गाडीचा पत्रा वितळला की त्यावरील रंगाचा पुरावा परत मिळत नाही, आणि तो रंग ज्यांनी हाताने दिला त्यांची पिढीही आता वार्धक्याकडे झुकली आहे. म्हणून या कामात विलंब होऊ नये.